पोटरीतले दिवस

ज्वारीचं कणीस पानाच्या गुंडाळीत असतं आणि ताटाचा शेंडा फुगलेला दिसतो, तेव्हा शेतकरी म्हणतो, पीक पोटरीत आलंय. या दिवसांत तो शेतात फारसं काही करत नाही. खुरपणी आटोपलेली असते, राखणीला अवकाश असतो. वर्षाचं धान्य येणार की नाही याचा निम्मा निकाल मात्र याच दिवसांत, फुगलेल्या पोटरीच्या आत, मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान अशा परागकणांमध्ये लागत असतो. तिथे काही बिनसलं तरी वरून कळत नाही. कणीस वेळेवर निसवतं, दिसायला भरदार असतं. पंधरवड्यानंतर हात लावला की ते पोकळ लागतं. मग 'दाणा धरला नाही' एवढंच बोललं जातं. दोष कुणी पावसाला देतं, कुणी खताला.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'बीज' हा विषय दिला, तेव्हा मला या न दिसणाऱ्या निम्म्या भागाकडे जावंसं वाटलं. महाराष्ट्राला त्याचं कारणही आहे. जालना हे बियाण्यांचं गाव म्हणून देशभर ओळखलं जातं. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी तिथे महिको ही कंपनी सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्यामागे जालन्यात बियाणे कंपन्यांची रांगच लागली. या धंद्याच्या मुळाशी एकच कसब आहे: एका झाडाचा पराग रोखायचा आणि दुसऱ्याचा त्याच्यावर आणायचा. संकरित बियाण्याच्या प्रत्येक पिशवीत हे कसब बांधलेलं असतं. ते कोण करतं आणि कसं करतं, हे पाहायला मी निघाले.

मादीच्या चार ओळी, नराच्या दोन

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या संकरित ज्वारी-बाजरीच्या बियाण्याचा मोठा भाग महाराष्ट्रात पिकतच नाही. तो पिकतो गोदावरीच्या पलीकडे, तेलंगणातल्या निजामाबादच्या बाजूला. तिथे रब्बीत पाण्याची सोय आहे, फुलोऱ्याच्या वेळी पाऊस नसतो आणि थंडीही बेताची असते. नांदेडहून बोधनमार्गे तिकडे जाताना भाषा हळूहळू बदलत जाते. तरी सीमेजवळच्या गावांत मराठी समजतं आणि बोललंही जातं.

सीड प्लॉट लांबून साध्या ज्वारीच्या शेतासारखाच दिसतो. जवळ गेल्यावर ओळींचा हिशेब लक्षात येतो. चार ओळी मादीच्या, दोन नराच्या, पुन्हा चार, पुन्हा दोन, आणि शेताच्या कडेने सगळीकडून नराचीच पेरणी. आसपास किमान दोनशे मीटरपर्यंत दुसरी ज्वारी चालत नाही, कारण वाऱ्याने येणारा परका पराग आवरता येत नाही. म्हणून एका शिवारातले शेतकरी मिळून एकाच वाणाचे प्लॉट घेतात. कंपनी आणि शेतकरी यांच्यामध्ये एक ऑर्गनायझर असतो. बियाणं देणं, उचल देणं, तपासणीला माणूस आणणं आणि माल उचलणं, सगळं तोच बघतो.

आम्ही पहाटे अंधारातच शेतात पोचलो, कारण ज्वारीची फुलं मध्यरात्रीनंतर उमलू लागतात आणि सूर्य वर यायच्या आत बराचसा पराग सांडून मोकळा होतो. नराच्या ओळीतल्या कणसाला बोट लावलं की पिवळी धूळ उडते. त्याच्या फुलांतून लोंबणारे परागकोश टपोरे आणि पिवळेधमक. मादीच्या ओळीतही परागकोश असतात, पण ते बारीक, फिकट आणि सुकल्यासारखे. त्यांतून काहीच सांडत नाही. कुक्षी मात्र पिसांसारखी पसरून तयार असते. परागाचं आयुष्य मोजक्या तासांचं. कुक्षी कित्येक दिवस वाट पाहू शकते.

ओळींमधून बाया वाकून चालत होत्या. त्यांचं काम एकच: मादीच्या ओळीत एखादं झाड पराग सोडताना दिसलं की ते मुळासकट उपटायचं. कंपनीची माणसं अशा झाडाला 'शेडर' म्हणतात, बायाही तोच शब्द वापरतात. मादीच्या बियाण्यात थोडी भेसळ राहिलेली असते, क्वचित एखादं झाड आपला मूळ स्वभावही दाखवतं. असं एक झाड सकाळभर उभं राहिलं तर त्याचा पराग शेजारच्या शेकडो फुलांवर पडतो आणि तेवढं बियाणं संकरित राहत नाही. नुसती कणसं कापून भागत नाही, कारण फुटव्याला पुन्हा कणीस येतं.

"रंगावरून कळतं का?" मी विचारलं.

"पिवळं दिसलं की उपटायचं," एक आजीबाई म्हणाल्या. "पण ऊन चढलं की सगळंच सारखं दिसतंय ताई. म्हणून अंधारातच यावं लागतं."

दुसरी चिंता वेळेची. नर आणि मादी एकाच आठवड्यात फुलायला हवेत. त्यांची वाढ सारखी नसली तर एकाची पेरणी काही दिवस पुढे-मागे करतात. तरीही हवामान साथ देत नाही, तेव्हा शेतकरी एखादं ताट चिरून आतलं कोवळं कणीस केवढं झालंय ते पाहतो, आणि मागे पडलेल्या ओळींवर युरियाची फवारणी करतो. काढणीच्या वेळी आधी नराच्या ओळी कापून शेताबाहेर नेतात आणि मगच मादीला हात लावतात. पिशवीत जातं ते फक्त मादीच्या कणसांतलं धान्य.

परागकोशाच्या आत

मादीच्या त्या फिकट परागकोशात काय घडलेलं असतं, हे पाहण्यासाठी मी मराठवाड्यातल्या एका कृषी संशोधन केंद्रात गेले. तिथल्या शास्त्रज्ञ बाईंनी दोन काचपट्ट्या तयार केल्या. एकीवर नराचा पराग, दुसरीवर मादीचा, आणि दोन्हींवर आयोडीनच्या द्रावणाचा थेंब. पहिलीत सूक्ष्मदर्शकाखाली गोल, गरगरीत, काळेनिळे कण दिसले. पराग पिकतो तेव्हा त्यात पिष्ट भरलेलं असतं, आणि आयोडीनने पिष्ट काळंनिळं होतं. दुसरीत होती पिवळट, चुरगळलेली, रिकामी टरफलं.

हा फरक पोटरीतल्या दिवसांत पडतो. परागकोशाच्या पोकळीत काही पेशी असतात. त्यातली प्रत्येक दोनदा विभागते आणि तिच्यापासून चार पेशी होतात, रंगसूत्रांची संख्या निम्मी झालेल्या. सुरुवातीला या चौघी एका जाड आवरणात एकत्र असतात. ते आवरण विरघळलं की त्या सुट्या होतात. मग प्रत्येक पेशी फुगते, तिच्याभोवती चिवट भिंत चढते, तिची आत पुन्हा विभागणी होते आणि शेवटी तिच्यात पिष्ट भरतं. ज्वारीचा पराग फुलाबाहेर पडतो तेव्हा त्यात दोन नरपेशी तयार असतात.

हे सगळं एका शेजाऱ्याच्या जिवावर चालतं. परागकोशाच्या भिंतीच्या सगळ्यात आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो, त्याला टॅपेटम म्हणतात. चौघींचं आवरण विरघळवणारा द्रव हाच थर सोडतो, वाढत्या परागाला अन्न हाच पुरवतो, भिंतीचा माल हाच देतो. काम संपलं की तो स्वतः मरतो, आणि त्याचे अवशेषही परागाच्या अंगावर चढतात. बाळंतिणीच्या उशाशी बसणाऱ्या सुईणीसारखं त्याचं काम असतं, ती लवकर उठून गेली तरी घात आणि नको तेवढी रेंगाळली तरी घात. टॅपेटम वेळेआधी मेला तर पराग उपाशी राहतो, मेलाच नाही तरीही पराग पिकत नाही.

या थराला प्रचंड ऊर्जा लागते. पेशीत ऊर्जा तयार करतात तंतुकणिका, आणि त्या झाडाला फक्त आईकडून मिळतात. त्यांना स्वतःची थोडी जनुकं असतात. काही झाडांच्या तंतुकणिकांत जुन्या जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडले जाऊन एखादं नवंच जनुक तयार झालेलं असतं. पानं, मुळं, खोड यांत त्याचा त्रास जाणवत नाही. परागकोशात ऊर्जेची मागणी शिगेला पोचते, आणि नेमकं तिथेच त्याच्यामुळे काम कोलमडतं. झाड हिरवंगार, अंडाशय निरोगी, पराग तेवढा वांझ. यालाच नर-वंध्यत्व म्हणतात. आईच्या बाजूने येत असल्यामुळे ते पुढच्या प्रत्येक पिढीत उतरतं.

निसर्गाने याला उतारही ठेवला आहे. काही वाणांच्या केंद्रकात अशी जनुकं असतात जी या बिघडलेल्या जनुकाचा संदेश मध्येच तोडतात किंवा गप्प करतात. अशा वाणाचा पराग वंध्य मादीवर पडला की होणारी संतती पुन्हा पराग देऊ लागते. बियाणेवाल्यांच्या भाषेत वंध्य मादी म्हणजे ए लाईन, तिचं वंध्यत्व टिकवून वाढ करणारा तिचा जुळा म्हणजे बी लाईन, आणि पराग परत देणारा नर म्हणजे आर लाईन. आर लाईन नसती तर शेतकऱ्याच्या शेतातल्या संकरित ज्वारीला दाणाच भरला नसता.

टेक्सासची आई

वांझ पराग धंद्याला उपयोगी पडू शकतो, हे आधी कांद्याने दाखवलं. १९२५ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे हेन्री जोन्स यांना इटालियन रेड जातीच्या लागवडीत एक झाड सापडलं. त्याला स्वतःच्या परागाने बी धरत नव्हतं. एरवी ते वाया गेलं असतं. पण त्याच्या फुलोऱ्यात बियांऐवजी बारीक कांद्या आल्या, त्या लावून झाड जिवंत ठेवता आलं, आणि त्या एका झाडापासून संकरित कांद्याची वाट निघाली.

ज्वारीत ही गोष्ट साधली टेक्सासमध्ये. मायलो आणि काफिर या ज्वारीच्या दोन्ही जाती आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या. मायलोला आई करून तिच्यावर पिढ्यानपिढ्या काफिरचा पराग देत गेलं, तेव्हा काफिरसारखी दिसणारी पण परागात वांझ अशी झाडं मिळाली. स्टीफन्स आणि हॉलंड यांनी १९५४ साली हे प्रसिद्ध केलं. पुढच्या दहा वर्षांत ही मादी भारतात आली, आणि १९६४ साली सीएसएच-१ हा आपला पहिला संकरित ज्वारीचा वाण बाहेर पडला. त्याची आई अमेरिकेतली काफिर. पुढे मराठवाडा-विदर्भात खरिपाच्या ज्वारीचं नावच 'हायब्रीड' पडलं. 'हायब्रीडची भाकर' खाऊन वाढलेली एक अख्खी पिढी आहे, आणि त्या भाकरीतलं बहुतेक सगळं धान्य मायलोच्याच वंशाचं होतं.

बाजरीचंही तसंच झालं. जॉर्जियातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी तयार केलेली टिफ्ट २३ए ही मादी लुधियानाला आली, तिच्यापासून डी. एस. अठवाल यांनी १९६५ साली एचबी-१ हा संकरित वाण दिला. उत्पादन उसळलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या मादीच्या लेकी गोसावी रोगाला बळी पडल्या. शेतंच्या शेतं हिरव्या पानांच्या झुपक्यांनी भरली, दाणा आलाच नाही. दोष तंतुकणिकांचा असेल अशी शंका तेव्हा होती. पुढच्या प्रयोगांतून दिसलं की रोगाची ओढ त्या मादीच्या केंद्रकातच होती. अमेरिकेत १९७० साली मक्यावर करपा पसरला तेव्हा मात्र दोष खरोखरच तंतुकणिकांचा निघाला. जे जनुक पराग वांझ करत होतं, तेच बुरशीच्या विषाला दार उघडून देत होतं. त्या वर्षी तिथला बहुतेक संकरित मका एकाच टेक्सास वंशाचा होता, आणि देशभरातलं साधारण १५ टक्के पीक गेलं.

बाजरीत परागाच्या उणिवेची आणखी एक शिक्षा आहे. बाजरीच्या कणसावर आधी कुक्षी येतात, परागकोश दोन-तीन दिवसांनी. त्या अवधीत कुक्षीवर पराग पोचला नाही तर अरगट रोगाची बुरशी त्याच वाटेने आत शिरते. पराग पडला की कुक्षी सुकते आणि बुरशीची वाट बंद होते. पराग भरपूर असणं हेच तिथे औषध.

बोटांचं काम

सगळ्या पिकांत अशी सोयीची मादी वापरात नाही. तिथे वंध्यत्व माणसाच्या बोटांनी आणावं लागतं, आणि ती बोटं बहुतेक बायांची असतात.

कपाशीत हे काम दुपारनंतर सुरू होतं. उद्या उमलणारी कळी ओळखायची, अंगठ्याच्या नखाने तिच्या बुडाशी चीर द्यायची, पाकळ्यांसकट परागकोशांची नळी पिळून काढायची. आतली कुक्षी उघडी राहते, तिला इजा होता कामा नये. खूण म्हणून रंगीत कागद लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराची उमललेली फुलं घेऊन त्याच कळ्या शोधायच्या आणि कुक्षीवर पराग घासायचा. सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी १९७० साली एच-४ हा कपाशीचा संकरित वाण दिला, जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. इतर बहुतेक देशांत हा मार्ग परवडला नाही. आपल्याकडे परवडला, कारण आपल्याकडे मजुरी स्वस्त होती. आंध्र आणि गुजरातमधल्या कपाशीच्या बीजोत्पादनात लहान मुली राबत असल्याचं अनेक पाहण्यांतून पुढे आलं, तेव्हा या स्वस्ताईचा खरा भाव कळला. कळ्या मुलींच्या उंचीवर येतात, त्यांची बोटं बारीक असतात, अशी कारणं तेव्हा दिली गेली. मला ती वाचतानाही लाज वाटली होती.

बुलढाणा जिल्ह्यातलं देऊळगाव राजा जालन्यापासून जवळच आहे. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेडनेट दिसत राहतात. आत टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची, काकडी, सगळं बियाण्यासाठी. टोमॅटोच्या शेडनेटमध्ये बाया चिमटे घेऊन बसल्या होत्या. कळी पिवळसर होऊ लागली की चिमट्याने परागकोशांचा सुळका अलगद ओढून काढायचा, दुसऱ्या दिवशी कुक्षी परागाच्या डबीत बुडवायची, आणि हिरव्या निदलाची दोन टोकं कापायची. फळ धरल्यावर हीच कापलेली टोकं सांगतात की हे संकराचं आहे. न कापलेलं फळ सापडलं की ते तोडून टाकतात.

"उन्हाळ्यात फळ कमी धरतं," शेडनेटची मालकीण सांगत होती. तिचा नवरा बाजारहाट बघतो, क्रॉसिंगची सगळी जबाबदारी तिची. "बाया तेवढ्याच, हातही तेवढेच चालतात. पण पराग काढायला घेतला की डबीत काही पडतच नाही बघा. पडला तरी लागत नाही."

ती जे डबीत पाहते, तेच शास्त्रज्ञांनी मोजलं आहे. टोमॅटोचा पराग उमलण्याच्या आधीच्या साधारण आठ ते तेरा दिवसांत उष्णतेला सगळ्यात हळवा असतो, म्हणजे कळी अगदी बारीक असते तेव्हा. आजच्या उन्हाचा तडाखा दीड-दोन आठवड्यांनी उमलणाऱ्या फुलात दिसतो. त्या मालकिणीने कारणं शोधताना आदल्या दिवशीचं पाणी, आदल्या दिवशीचं खत असं सगळं तपासलं होतं. मी तिला मागच्या पंधरवड्यातली हवा आठवायला सांगितली. "तेव्हा तर नुसतं भाजत होतं," ती म्हणाली, आणि शेडनेटच्या कोपऱ्यात टांगलेल्या वहीत तापमानही लिहायला सुरुवात करायची असं ठरवून टाकलं.

मालदांडीची थंडी

उष्णतेबद्दल आता बरंच बोललं जातं. मला थंडीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण महाराष्ट्राची रब्बी ज्वारी तिच्याभोवती अडकली आहे.

खरिपात हायब्रीडने गावठी ज्वारी हटवली. रब्बीत तसं झालं नाही. सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, बीड, जामखेड या पट्ट्यात आजही मालदांडीचं राज्य आहे. एम ३५-१ ही तिची निवड गेल्या शतकातल्या तिसाच्या दशकात मोहोळच्या केंद्रावर झाली, आणि इतक्या दशकांनंतरही तिला खाली उतरवणारा वाण आलेला नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. लोक कारण सांगतात ते चवीचं: मोत्यासारखा दाणा, मऊ भाकरी, गुरांना आवडणारा कडबा. ते खरंच आहे. पण एक कारण पोटरीत दडलेलं आहे.

रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यावर पेरतात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात ती पोटरीत येते, तेव्हा रात्री गार व्हायला लागलेल्या असतात. परागपेशींची विभागणी सुरू होण्याच्या सुमाराला रात्रीचं तापमान १३ अंशांच्या खाली राहिलं, तर ज्वारीच्या अनेक वाणांत पराग वांझ निपजतो. अंडाशयाला मात्र फारसं काही होत नाही. अशा कणसावर बाहेरून चांगला पराग टाकला तर दाणा भरतो. मालदांडी पिढ्यानपिढ्या याच थंडीत निवडली गेल्याने तिचा पराग तग धरतो. मायलोवंशाच्या संकरात अडचण दुहेरी होते: आर लाईनच्या जनुकांनी तंतुकणिकांचा बिघाड दाबून ठेवायचा, आणि तोही थंडीत. थंड रात्री ही पकड सैल पडते, आणि उबदार हवेत भरलेलं कणीस देणारा संकर तिथे अर्धवट दाण्यावर येतो. सीएसएच-८आर, सीएसएच-१५आर असे रब्बीसाठीचे संकर आले, तरी मालदांडीची जागा त्यांना घेता आली नाही.

खुद्द मालदांडीच्या तंतुकणिकांतही पराग वांझ करणारा एक वेगळा प्रकार सापडलेला आहे, आणि शास्त्रज्ञांनी त्याच्यापासून वेगळ्या माद्या केल्या. मायलोवरचं अवलंबन कमी करायला तो कामी आला असता. पण त्याला उतार देणारे नर फार थोडे मिळतात, त्यामुळे तो प्रयोगशेतांच्या बाहेर फारसा आला नाही.

सोलापूरजवळच्या एका शेतात मी हे प्रत्यक्ष पाहिलं. शेतकऱ्याने हौसेने एका कंपनीचा रब्बी संकर मालदांडीच्या बांधाला लावून पेरला होता. बांधाकडच्या ओळींत कणसं चांगली भरली होती. जसजसं आत गेलो तसतसे कणसांत मोकळे पट्टे दिसू लागले, बहुतेक एका उंचीवर. ज्वारीचं कणीस वरून खाली फुलत येतं. ज्या भागाचा पराग कडाक्याच्या रात्रींत घडला होता, तो भाग रिकामा राहिला होता. बांधाकडच्या ओळींना शेजारच्या मालदांडीने पराग पुरवला होता.

म्हणूनच संशोधन केंद्रावर शेतातल्या दाण्यावर विश्वास ठेवत नाहीत. कणीस निसवलं की फुलण्याआधी त्यावर कागदी पिशवी चढवतात, म्हणजे बाहेरचा पराग येत नाही. पिशवीत जेवढे दाणे भरतात तेवढाच त्या वाणाचा स्वतःचा पराग. थंड रात्रींतही पिशवीत दाणा भरणारे नर सध्या असेच शोधले जात आहेत, एकेका हंगामात एकेक पिढी.

त्या शेतकऱ्याला मी पिशवीची पद्धत सांगितली, तेव्हा त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, "म्हणजे माझ्या हायब्रीडला मालदांडीनंच तारलं म्हणा की. मग सगळ्या गावानं हायब्रीडच पेरलं, तर पराग आणायचा कुठून?"